बारकोड वाचणारं हँडहेल्ड: कस्टम्सच्या लेखी ते कॉम्प्युटर की मोबाइल?

मकरपुरा_२१

नमस्कार मंडळी. धागा घाईत काढतोय. माल विमानतळाच्या कार्गोत अडकलाय आणि डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) रोज चढतंय.

माझं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं युनिट आहे. औषध कंपन्यांच्या गोदामांत बारकोडची सिस्टीम बसवून देतो. सॉफ्टवेअर आमचं, हातातली यंत्रं विकतची. आजवर मुंबईच्या डीलरकडून घ्यायचो, या वेळी पहिल्यांदाच थेट चीनमधून ५० नग मागवले.

यंत्र असं: साडेपाच इंची टचस्क्रीन, अँड्रॉइड, वरच्या कडेला बारकोड स्कॅनर, दोन्ही बाजूंना पिवळी ट्रिगर बटणं, मागे पिस्तुलासारखी मूठ लावायची सोय. वायफाय, ब्लूटूथ आणि एक सिम स्लॉट. जाडजूड रबरी कडा, फरशीवर पडलं तरी काही होत नाही.

सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) बिल ऑफ एंट्री (आयातीचा फॉर्म) ड्युटीच्या दरपत्रकातल्या ८४७१ या कोडखाली भरलं, म्हणजे ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग मशीन. बेसिक ड्युटी शून्य. तिसऱ्या दिवशी क्वेरी आली: "माल ८५१७ १३ ००, स्मार्टफोन, का धरू नये?" तिथे बेसिक १५ टक्के.

हिशोब मांडतो. भाडं-विमा धरून माल ९ लाखांचा. १५ टक्के म्हणजे १,३५,०००. त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज १० टक्के, १३,५००. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मला क्रेडिटमध्ये परत मिळतो, तो सोडा. पण हे १,४८,५०० रुपये सरळ खिशातून जाणार. ग्राहकाला दर शून्य ड्युटी धरून दिलाय आणि तो आता बदलता येत नाही.

गोदामात खोक्यांवरचे बारकोड वाचायच्या यंत्राला स्मार्टफोन कसं म्हणता येईल? कोणी यातून गेलंय का?

सुरसागर

सिम आहे म्हणून फोन? आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही सिम आहे!

दशरथ_रोज

मी बडोद्याजवळच्या दशरथ गावच्या आयसीडीत (कंटेनर डेपोत) एका सीएचएकडे आहे. ८४७१ वरच ठाम राहा. असा माल बाजारात सगळे त्यातच सोडवतात. क्वेरीला उत्तर द्या, "प्रिन्सिपल फंक्शन बारकोड रीडिंग", कॅटलॉग जोडा. दोन-तीन क्वेऱ्या येतील, मग सुटेल.

आजवा_रोड

तोपर्यंत डेमरेज कोण भरणार? माझ्या भावाच्या मालाचं डेमरेज मालाच्या नफ्यापेक्षा जास्त झालं होतं.

निवृत्त_अप्रेझर

मकरपुरा_२१, शांतपणे वाचा. नोकरीची बरीचशी वर्षं मी कस्टम्सच्या असेसमेंट ग्रुपमध्ये, म्हणजे मालाचं वर्गीकरण आणि ड्युटी ठरवण्यात, काढली आहेत. आता रावपुऱ्यात घरी असतो, वेळच वेळ आहे.

"सगळे त्यातच सोडवतात" हे वाक्य उत्तरात चुकूनही लिहू नका. ते कायद्यात कुठेच बसत नाही, आणि उलट ज्यांनी सोडवलं त्यांच्याही फायली उघडतात.

टॅरिफ वाचायची एक रीत आहे. आपला टॅरिफ म्हणजे १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ ॲक्टचं पहिलं शेड्यूल. आकड्यांतले पहिले सहा जगभर सारखे, ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या हार्मोनाइज्ड सिस्टीमचे. शेवटचे दोन आपले. आठ आकडी कोड आपल्याकडे २००३ पासून आहे. वर्गीकरणाचे सहा सर्वसाधारण नियम आहेत, आणि पहिला नियमच सांगतो की निकाल हेडिंगच्या, म्हणजे चार आकडी कोडच्या, शब्दांवर आणि सेक्शन-चॅप्टरच्या टिपांवर लागतो. ड्युटी किती बसते हे सगळ्यात शेवटी पाहायचं. आयातदार आधी शून्य शोधतो आणि मग तिथपर्यंत रस्ता काढतो. काही अधिकारी आधी पंधरा शोधतात. दोन्ही चूक.

तुमच्या यंत्राला तीन टिपा लागतात.

एक, सेक्शन १६ ची टीप ३. अनेक कामं करणारं यंत्र असेल तर त्याच्या मुख्य कामावरून ठरवायचं.

दोन, चॅप्टर ८४ ची टीप ६, जुन्या टॅरिफमध्ये हीच टीप ५ होती. ती सांगते की आत कॉम्प्युटर आहे म्हणून यंत्र आपोआप ८४७१ मध्ये जात नाही. डेटा प्रोसेसिंगखेरीज दुसरं ठराविक काम ते करत असेल तर त्या कामाच्या हेडिंगमध्ये जातं.

तीन, चॅप्टर ८५ ची टीप ५, २०२२ मध्ये आलेली. तिच्यात स्मार्टफोनची व्याख्या आहे: सेल्युलर नेटवर्कचा टेलिफोन, ज्यात मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम आहे आणि जो कॉम्प्युटरसारखी कामं करतो, म्हणजे एकाच वेळी अनेक ॲप्स, तिसऱ्या पार्टीचीही, उतरवून चालवतो. मग त्यात कॅमेरा असो, नेव्हिगेशन असो, फरक पडत नाही.

आता ही व्याख्या हातात धरून आपल्या यंत्राकडे पाहा आणि मला सांगा, त्यातला कुठला शब्द तुम्हाला लागू होत नाही?

मकरपुरा_२१

काका, मनापासून धन्यवाद. इतकं नीट आमच्या सीएचएनेही सांगितलं नव्हतं. व्याख्या तीनदा वाचली. "टेलिफोन" हा शब्द मला लागू होत नाही असं वाटतं.

वैदेही_वाडी

माझं काम इनडायरेक्ट टॅक्सचंच आहे, म्हणून लिहिते. काकांनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. व्याख्येतला पहिला शब्द "टेलिफोन" आहे, बाकीचं सगळं त्याच्या पुढचं. मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम आणि ॲप्स टॅबलेटलाही असतात, तरी टॅबलेट फोन ठरला नाही. कस्टम्सच्या केंद्रीय बोर्डाने २०१३ मध्ये सर्क्युलर काढून टॅबलेट ८४७१ ३० मध्येच ठेवला होता.

म्हणजे प्रश्न वस्तुस्थितीचा आहे. या यंत्रावरून फोन लागतो का? सिम नुसतं डेटासाठी असेल तर तुमची बाजू उभी राहते. डायलर चालत असेल तर ती बरीच पातळ होते. नमुन्याचा एखादा नग आधी मागवला होता का? असेल तर सिम घालून बघा.

आणि आत्ताच एक काम करा. माल कार्गोत पडू देऊ नका. कस्टम्स कायद्याच्या कलम ४९ खाली, असेसमेंट होईपर्यंत माल वेअरहाऊसमध्ये हलवायची परवानगी मागता येते. वाद लांबणार असेल तर कलम १८ खाली प्रॉव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, असेसमेंट मागा. बाँड आणि सिक्युरिटी द्यावी लागेल, पण माल हातात येतो.

रावपुरा_रसिक

अवांतर: जकातीवरून आठवलं. आपल्या गुजरातेत विरमगामला ब्रिटिशांची जकातलाइन होती. काठियावाडात जाणाऱ्या प्रवाशांची तिथे गाठोडी उघडून झडती व्हायची. गांधीजी आफ्रिकेहून परतले तेव्हा वढवाण स्टेशनवर एका शिंप्याने त्यांच्यापुढे हे गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी ते वर लावून धरलं आणि १९१७ मध्ये ती लाइन उठली. ओखा बंदर आपल्या बडोदा संस्थानचं, त्यामुळे बंदराच्या जकातीचा विषय बडोदेकरांना नवा नाही.

सुरसागर

रसिकराव, आता जकातलाइन ऑनलाइन आलीय, तेवढाच फरक.

कोयली

माझा अनुभव थोडा वेगळा, पण कामाचा आहे. मी रिफायनरीच्या बाजूला इन्स्पेक्शनची कंत्राटं घेतो. हातातली मोजायची यंत्रं लागतात. मल्टिमीटरला कधी त्रास झाला नाही, ९०३० ३१ मध्ये नावानिशी लिहिलंय. लेझरचं अंतर मोजायचं यंत्र ९०१५ १०, तेही सरळ.

थर्मल कॅमेऱ्याला मात्र नऊ दिवस लागले. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर "कॅमेरा", म्हणून आम्ही ८५२५ भरलं. अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो अजून लक्षात आहे: "हा तापमान आकड्यात दाखवतो की नुसतं रंगीत चित्र?" आकड्यात दाखवायचा. मग म्हणाले, तुम्ही हा मोजायला घेता की बघायला? मी म्हटलं मोजायला, मोटारीचं बेअरिंग किती तापलंय ते. ते म्हणाले, मग मोजण्याच्या यंत्रांत, चॅप्टर ९० मध्ये बघा. सेक्शन १६ च्या सुरुवातीलाच लिहिलंय की चॅप्टर ९० च्या वस्तू या सेक्शनमध्ये येत नाहीत. मला ते पटलं. मीच वाचलेलं नव्हतं.

नावावर जाऊ नये, हे तिथे शिकलो.

दशरथ_रोज

निवृत्त_अप्रेझर काका, तुमचा मान राखून असहमत. तुमच्या वेळी अधिकारी समोर बसायचा, माल हातात घेऊन दाखवता यायचा. २०२० पासून सगळं फेसलेस. अहमदाबादला उतरलेला माल भलत्याच शहरातला अधिकारी स्क्रीनवर बघतो. त्याला फोटोत दिसतं काय? काळा चौकोन, टचस्क्रीन, सिम. तो फोनच म्हणणार. मूठ, ट्रिगर, स्कॅनची खिडकी त्याच्या हातात कधी येतच नाही. टिपा वाचून लढता येतं हे खरं, पण आधी समोरच्याला वस्तू कळायला हवी ना?

निवृत्त_अप्रेझर

दशरथ_रोज, तुमचं म्हणणं खरं आहे आणि मला त्याचं वाईटही वाटतं. माझ्या वेळी टेबलावर स्क्रू ड्रायव्हर असायचा. एकदा "म्युझिकल टॉय" म्हणून आलेला माल उघडला तर आत रेडिओचं सर्किट निघालं.

पण उपाय आहे. क्वेरीच्या उत्तरात शब्द कमी आणि पुरावा जास्त घाला. मूठ लावलेला फोटो, स्कॅनरचं मॉड्यूल दाखवणारं उघडलेल्या यंत्राचं चित्र, टेक्निकल लिटरेचर, गोदामात वापरतानाचा फोटो. ग्राहकाची पर्चेस ऑर्डरही जोडा, तिच्यात "बारकोड टर्मिनल" असं लिहिलेलं असेल तर. आणि फर्स्ट चेक मागा. म्हणजे आधी माल प्रत्यक्ष तपासला जातो, तपासणीचा अहवाल असेसिंग अधिकाऱ्याकडे जातो, मग असेसमेंट.

मकरपुरा_२१

फर्स्ट चेक मागितला आहे, आज सकाळीच. वेअरहाऊसची परवानगीही मागितली.

नमुना माझ्याकडे होता. वैदेहीताई म्हणाल्या तसं काल रात्री त्यात सिम घातलं. सॉफ्टवेअरचं टेस्टिंग केलं तेव्हा वायफायवर केलं होतं, सिम कधी घातलंच नव्हतं. डायलर उघडला, बायकोचा नंबर लावला. स्वयंपाकघरात रिंग वाजली. तिने उचलला आणि आवाज स्वच्छ ऐकू आला. मग नीट पाहिलं तर स्क्रीनच्या वर, स्कॅनरच्या खिडकीखाली, कानाला लावायचा छोटा स्पीकरसुद्धा आहे. सहा महिने यंत्र हाताळतोय, मला तो दिसला नव्हता.

सुरसागर

वहिनींनी उचलला म्हणजे कनेक्शन पक्कं.

पादरा_फाटा

स्पीकर असला म्हणून काय झालं? टीप ३ चं मुख्य काम राहतंच ना? स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये घड्याळ असतं, म्हणून तो घड्याळांच्या चॅप्टरमध्ये जात नाही. माणूस १८,००० रुपयांचं हे यंत्र बारकोडसाठी घेतो. फोनच हवा असेल तर त्या पैशांत कितीतरी चांगला फोन येतो. किंमत, आकार, मूठ, सगळं बारकोडकडे बोट दाखवतंय. मी तर अपिलात जाईन.

वैदेही_वाडी

पादरा_फाटा, तुमचा मुद्दा हलका नाही. "ग्राहक ते कशासाठी घेतो" याला महत्त्व आहेच. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये एचपीच्या प्रकरणात असाच व्यवहाराचा विचार केला. ऑल-इन-वन डेस्कटॉपचं वजन १० किलोपेक्षा कमी आहे म्हणून विभाग त्यांना "पोर्टेबल" म्हणत होता, कारण ८४७१ ३० मध्ये १० किलोची मर्यादा लिहिली आहे. कोर्ट म्हणालं, नुसतं वजन पुरेसं नाही. रोज सहज नेता-आणता यायला हवं, भिंतीतल्या विजेशिवाय चालायला हवं. त्याच निकालात विकिपीडियासारख्या स्रोतांवर अवलंबून राहू नका, असं अधिकाऱ्यांना सांगितलंय. म्हणून क्वेरीच्या उत्तरात विकिपीडियाचं पान जोडू नका, आधी तेच जोडलं जातं.

पण इथे अडचण अशी की स्मार्टफोनची व्याख्या स्वतःच सांगते, इतर गोष्टी त्यात असल्या तरी हरकत नाही. बारकोड स्कॅनर ही त्या "इतर गोष्टीं"पैकी एक आहे की मुख्य काम आहे, एवढाच वाद उरतो. फोन लागत नसता तर मी पादरा_फाटा यांच्या बाजूने उभी राहिले असते. आता साठ-चाळीस आहे, आणि साठ विभागाच्या बाजूला.

लढायचं असेल तर पायऱ्या लक्षात ठेवा. अधिकाऱ्याचं म्हणणं मान्य आहे असं लिहून देऊ नका. तसं लिहून न देता रिअसेसमेंट झाली तर कलम १७(५) प्रमाणे १५ दिवसांत कारणांसह स्पीकिंग ऑर्डर मिळायला हवी. तिच्यावर ६० दिवसांत कमिशनर अपील्सकडे अपील, वादातल्या ड्युटीचे साडेसात टक्के भरून. पुढे आपल्यासाठी अहमदाबादचं ट्रायब्युनल, आणि दराचा वाद असल्यामुळे तिथून थेट सुप्रीम कोर्ट. ड्युटी भरून टाकतो आणि मागाहून रिफंड मागतो, हा मार्ग बंद आहे. आयटीसीच्या प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असेसमेंट अपिलात बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळणार नाही.

आजवा_रोड

माझा भोळा प्रश्न आहे. कॉम्प्युटरला शून्य आणि फोनला पंधरा, असं मुळात का? आत तर सारख्याच चिप असतात.

निवृत्त_अप्रेझर

भोळा नाही, मुळाचाच प्रश्न आहे. १९९६ मध्ये सिंगापूरला इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी ॲग्रीमेंट झालं, आपण १९९७ मध्ये त्यात गेलो. कॉम्प्युटर आणि बरीच आयटी उपकरणं शून्य ड्युटीवर आली, ती आजही तशीच. मोबाइल फोन मात्र देशात बनावेत म्हणून सरकारने त्यावर ड्युटी लावली. डिसेंबर २०१७ मध्ये १५ टक्के, फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये २०, आणि जुलै २०२४ च्या बजेटमध्ये पुन्हा १५. भारताचं म्हणणं असं की आजचा स्मार्टफोन १९९६ च्या करारात नव्हताच. युरोपियन युनियन, जपान आणि तैवान यांनी डब्ल्यूटीओत तक्रार केली. एप्रिल २०२३ मध्ये पॅनेलचा निर्णय आपल्या विरोधात गेला आणि आपण अपील केलं. पण डब्ल्यूटीओची अपील बॉडी डिसेंबर २०१९ पासून बंद पडली आहे, तिथे नवे सदस्यच नेमले गेले नाहीत.

मला स्वतःला हे धोरण चूक वाटत नाही. नोएडाला, तमिळनाडूत फोन बनायला लागले ते उगाच नाही. पण शून्य आणि पंधरा या दोन दरांच्या मधल्या सीमेवर मकरपुऱ्याच्या लहान उद्योजकाचं यंत्र येऊन पडलं, की त्याची ओढाताण होते. ती कमी करायची असेल तर बोर्डाने अशा बारकोड टर्मिनलबद्दल एक स्पष्ट सर्क्युलर काढावं, जसं टॅबलेटबद्दल काढलं होतं.

पादरा_फाटा

+१. सर्क्युलरच्या मुद्द्याला शंभर टक्के.

कमाटीबाग_सकाळी

स्मार्टवॉचचं काय? मुलगा विचारतोय, मनगटावर बांधतात तर ते घड्याळांच्या चॅप्टर ९१ मध्ये का नाही?

वैदेही_वाडी

मुलाला शाबासकी द्या. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २०१४ मध्ये सॅमसंगच्या गिअर घड्याळाला ८५१७ ६२ दिलं. कारण हेच की ते मुख्यतः फोनशी माहितीची देवाणघेवाण करतं, वेळ दाखवणं दुय्यम. आपल्याकडेही स्मार्टवॉच तिथेच जातं.

असेच अजून गमतीचे: ई-बुक रीडर ८५४३ ७० मध्ये, हातातला व्हिडिओ गेम ९५०४ ५० मध्ये, वॉकीटॉकी ८५२५ ६० मध्ये, पॉवर बँक ८५०७ मध्ये, कारण ती शेवटी बॅटरीच. आणि मोबाइलच्या खोक्यातला चार्जर हा फोनचा भाग नाही, ॲक्सेसरी आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये नोकियाच्या प्रकरणात ठरवलं होतं. ते पंजाबच्या व्हॅटचं प्रकरण होतं, कस्टम्सचं नाही. पण एका खोक्यात आलं म्हणून दोन वस्तूंची एक वस्तू होत नाही, हे त्यातून कळतं.

दशरथ_रोज

मंडळी, एक धोका कुणी बोलत नाहीये. मी सुरुवातीला ८४७१ म्हणालो, पण तिथेही काटे आहेत. ३ ऑगस्ट २०२३ ला डीजीएफटीने (परकीय व्यापार महासंचालनालयाने) लॅपटॉप, टॅबलेट, ऑल-इन-वन, अल्ट्रा स्मॉल कॉम्प्युटर आणि सर्व्हर यांच्या आयातीवर निर्बंध आणले, परवानगीशिवाय येत नाहीत. सगळं ८४७१ त्यात नाही, नावं घेतलेल्या वस्तूच. पण अधिकारी म्हणाला की तुमचं हँडहेल्ड हे लहान टॅबलेट आहे, तर ड्युटी शून्य आणि माल मात्र रिस्ट्रिक्टेड. ते पंधरा टक्क्यांपेक्षा महाग पडेल. मकरपुरा_२१, उत्तरात "टॅबलेट" हा शब्द लिहू नका.

निवृत्त_अप्रेझर

धोका बरोबर दाखवलात. सल्ल्यात मात्र एक बदल: टॅबलेट नसेल तर टॅबलेट लिहू नका. असेल तर लपवू नका. जे आहे ते पूर्ण लिहा, सिम, डायलर, स्पीकर, सगळं. वर्णन पूर्ण दिलं आणि हेडिंग तुमच्या समजुतीने लावलं, तर तो मतभेद ठरतो. नॉर्दर्न प्लास्टिकच्या निकालात सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये हेच म्हटलंय. सिमबद्दल लिहिलंच नाही आणि तीन वर्षांनी कुणी यंत्र उघडलं, तर त्याला लपवाछपवी म्हणतात. मग विभागाला ड्युटी मागायची दोन वर्षांची मुदत पाच वर्षांची होते, ड्युटीइतका दंड आणि वर व्याज. लहान धंदा त्यात बुडतो. मी बुडालेले पाहिलेत, त्यातले एकदोघे चांगली माणसं होती.

वैदेही_वाडी

मकरपुरा_२१, एक विचारायचं राहिलं. तुमच्या यंत्राला बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) कंपल्सरी रजिस्ट्रेशन आहे ना? त्या सर्टिफिकेटवर प्रॉडक्टचं नाव काय लिहिलंय? तुम्ही ते बिल ऑफ एंट्रीबरोबर अपलोड केलं असणार.

मकरपुरा_२१

दोन मिनिटं. बघतो.

मकरपुरा_२१

"मोबाइल फोन."

सर्टिफिकेट पुरवठादाराने पाठवलं होतं, मी फक्त नंबर जुळवला आणि पुढे दिलं. त्यानेच भारतात हे मॉडेल मोबाइल फोन म्हणून रजिस्टर केलंय. मग त्याची वेबसाइट उघडली. तिथे याच यंत्राच्या पानावर मोठ्या अक्षरांत "रगेड स्मार्टफोन".

पादरा_फाटा

बनवणाराच फोन म्हणतोय तर आता अपील लढायला अवघड. तरी माझं मत बदललेलं नाही, काम बारकोडचंच आहे. पण तुमच्या जागी असतो तर आता मीही पैसे भरले असते.

वैदेही_वाडी

हेच मला वाटत होतं. तो कागद फाइलमध्ये आहे आणि अधिकाऱ्याने तो वाचलाय, म्हणूनच ती क्वेरी आली असणार. फोन म्हणून सोडवायचं असेल तर आयएमईआय नंबरांची (प्रत्येक फोनच्या ओळख क्रमांकांची) नोंद सरकारी पोर्टलवर करून प्रमाणपत्र काढावं लागेल. वायफाय-ब्लूटूथचं ईटीए (वायरलेस उपकरणाची सरकारी मंजुरी) आहे ना?

मकरपुरा_२१

ईटीए आहे. आयएमईआयचं आजच सुरू करतो.

ताई, काका, मला राग कुणाचा येत नाहीये, पण दोन रात्री झोप नीट लागली नाही. दीड लाख ही माझ्यासाठी एका माणसाचा बऱ्याच महिन्यांचा पगार आहे.

कोयली

मकरपुरा_२१, ग्राहकाशी एकदा मोकळेपणाने बोलून बघा. औषध कंपन्यांचे पर्चेसवाले आयातीची गणितं जाणतात. माझ्या थर्मल कॅमेऱ्याच्या वेळी मी कागद पुढे ठेवले, ग्राहकाने जादा खर्चातला अर्धा वाटा उचलला. न मागता मिळालं नसतं.

दशरथ_रोज

आणि पुढच्या खेपेला सिम नसलेलं मॉडेल विचारा. गोदामात वायफाय असतंच. बरेच कारखाने दोन्ही बनवतात.

निवृत्त_अप्रेझर

आणि ते मागवायच्या आधी ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय, घ्या. दिल्ली आणि मुंबईला ऑथॉरिटी आहे. अडकलेल्या मालासाठी ती चालत नाही, कारण तो प्रश्न आधीच अधिकाऱ्यापुढे आहे. नव्या मॉडेलसाठी चालेल. निर्णय ठरावीक मुदतीपर्यंत तुम्हालाही बांधील आणि विभागालाही. अर्जात यंत्राचं वर्णन मला दाखवून लिहा, मी संध्याकाळी घरीच असतो.

रावपुरा_रसिक

काकांच्या घरी चहा बरोबर मिळतो, स्वानुभव.

मकरपुरा_२१

आठवडाभराने लिहितोय.

फर्स्ट चेकमध्ये तपासणी झाली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मूठ लावून ट्रिगर दाबून पाहिला, एका खोक्याचा बारकोड वाचून बघितला, मग डायलर उघडला. अहवालात दोन्ही लिहिलं. मी ८५१७ १३ मान्य असल्याचं लिहून दिलं, १,४८,५०० भरले, आयएमईआयचं प्रमाणपत्र जोडलं. गुरुवारी संध्याकाळी आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायची परवानगी, मिळालं. वेअरहाऊसमध्ये हलवल्यामुळे डेमरेज पाच दिवसांवर थांबलं, त्यासाठी वैदेहीताईंचे आभार मानावे तेवढे थोडे.

ग्राहकाकडे गेलो. कोयलीभाऊंनी सांगितलं तसं सगळे कागद टेबलावर ठेवले. त्यांनी दर बदलला नाही, पण पुढची ३० नगांची ऑर्डर जाहीर करून टाकली आणि तिच्यात दर नव्याने धरा म्हणाले.

पुरवठादाराकडे वायफायचं मॉडेल आहे. सिम नाही, कानाचा स्पीकर नाही, बीआयएसही वेगळं. त्याला सांगितलंय की सर्टिफिकेट आणि लिटरेचर आधी पाठव, पैसे मग. ॲडव्हान्स रूलिंगचा कच्चा अर्ज लिहून काढला आहे, रविवारी काकांकडे घेऊन येतो. डीजीएफटीच्या इथल्या ऑफिसातही विचारून येणार आहे, टॅबलेटचा मुद्दा आधीच मिटवायचा आहे.

दशरथ_रोज

तुम्ही मान्य असल्याचं लिहून दिलंत याचं मला थोडं वाईट वाटलं. स्पीकिंग ऑर्डर घेतली असती तर पुढच्या आयातदारांना काहीतरी लेखी हाती लागलं असतं. पण पैसे तुमचे, माल तुमचा. ३० नगांसाठी शुभेच्छा.

मकरपुरा_२१

दशरथभाऊ, तुमचं म्हणणं समजतं. दुसऱ्यांसाठी लढायची ताकद या वेळी नव्हती. वायफायच्या मॉडेलचं रूलिंग आलं की इथे पूर्ण लिहीन, जे येईल ते.

कोयली

काका, याच धाग्यावर विचारतो. पुढच्या महिन्यात अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज मागवतोय, पाइपची जाडी मोजायला. ९०३१ ८० धरलं आहे. या वेळी त्यात ब्लूटूथ आहे आणि मोबाइलवर रीडिंग पाठवतो.

निवृत्त_अप्रेझर

रीडिंग पाठवलं तरी मोजतो तोच. ९०३१ मला बरोबर वाटतं. तरी कॅटलॉगचं स्पेसिफिकेशनचं पान इथे टाका, आणि इनव्हॉइसवर पुरवठादार काय नाव लिहिणार आहे ते आधी विचारा.